लेकराचं वय कोण ठरवतं? तीन आयुक्तांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
मा. साखर आयुक्त,
मा. आयुक्त, महिला व बालविकास,
पुणे.

सविनय नमस्कार.

माझी जन्मतारीख १ जून. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच, आधार कार्डावर तीच, सेवापुस्तकातही तीच. चौथीत माझ्याबरोबर चोवीस मुलं होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांची जन्मतारीख १ जूनच होती. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या माणसांना विचारा, अनेक जण हेच सांगतील. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी वस्तीवर यायचे आणि लेकराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की लेकरू सहा वर्षांचं झालं. नाही लागला तर पुढच्या जूनमध्ये बघू. आई म्हणते, तू संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी झालीस, कारखान्याच्या तळावर, वाढ्यांच्या कोपीत, पहाटं, आणि त्या दिवशी तुझ्या बापाचा खाडा पडला. माझे आईबाप ऊसतोड मजूर. तळ म्हणजे साखर कारखान्याजवळचा मजुरांचा मुक्काम, कोपी म्हणजे वाढ्यांची, उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याची झोपडी, आणि खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. आईच्या लेखी माझं वय त्या खाड्यापासून सुरू होतं. सरकारच्या लेखी ते गुरुजींच्या पेनापासून सुरू झालं.

हे पत्र मी तुम्हा तिघांना मिळून लिहिते आहे, कारण आमच्या गावातली एकच मुलगी तुमच्या तीन कार्यालयांत तीन वेगळ्या रूपांत पोहोचते. शिक्षण खात्यात ती 'स्थलांतरित विद्यार्थी' असते. महिला व बालविकास खात्याला ती दिसते ती तिचं लग्न ठरल्याचा फोन कुणी केला तर. साखरेच्या हिशेबात ती नसतेच, कारण तिथं कोयते मोजतात आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तुमची तिन्ही कार्यालयं एकाच शहरात आहेत. तुम्ही एकदा एका टेबलाशी बसून या मुलीकडे बघावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा सातवीपर्यंत. दसरा-दिवाळीच्या दरम्यान गावातली बहुतेक घरं ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला की, मार्च-एप्रिलमध्ये, परत येतात. मी स्वतः सहावीपर्यंत अशीच जात-येत होते. नंतर आजीला डोळ्यांनी नीट दिसत होतं म्हणून तिच्याजवळ राहिले आणि शिकले. माझ्यापेक्षा हुशार असलेली माझी धाकटी बहीण शिकली नाही, कारण तोवर आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

नोकरी लागल्यावर मी बाहेरून समाजशास्त्रात एम. ए. केलं. तिथं एक विचार अभ्यासाला होता. अंगानं लहान असणं निसर्गाचं असतं. पण बालपण म्हणजे काय, ते किती वर्षांचं, त्यात मुलानं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे समाज ठरवतो. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये असं मांडलं की मध्ययुगीन युरोपात आजच्या अर्थाचं बालपण नव्हतं. त्या काळातल्या चित्रांत मुलं छोट्या मापाच्या मोठ्या माणसांसारखी दिसतात, आणि सातेक वर्षांचं पोर मोठ्यांच्या जगात मिसळून जायचं. त्यांच्यावर पुढं पुष्कळ टीका झाली. जुन्या रोजनिशा आणि पत्रं वाचून इतरांनी दाखवलं की तेव्हाचे आईबापही लेकरांसाठी झुरत होते. मला ती टीका पटते. माया सगळीकडं असते, बदलतो तो हिशेब. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी तोच हिशेब तपासला. साधारण १८७० ते १९३० या साठ वर्षांत तिथलं मूल घरात पैसे आणणारं होतं ते ज्याच्यावर पैसे खर्चायचे असं झालं. आपल्याकडं ही दोन्ही मुलं आजही एकाच राज्यात, एकाच वर्षी पहिलीत दाखल होतात.

वर्गातल्या इतरांना हा विचार नवा वाटला. मला नाही वाटला. आमच्याकडं तो बोलण्यातच आहे. आमच्या बायका लेकराचं वय आकड्यात सांगत नाहीत. आधी ते अंगावरचं असतं, मग कडेवरचं, रांगतं, पळतं, मग 'कळतं' होतं, आणि मग 'हाताशी येतं'. हाताशी आलं म्हणजे कामाला लागलं. मुलीला पदर आला की ती आणखी निराळी होते, तिच्याकडं बघायची सगळ्यांची नजर बदलते. यातला कुठलाही शब्द जन्मतारीख विचारून लावला जात नाही.

फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, हाताशी येण्याचं वय सात-आठ. पहाटे तीन-साडेतीनला आईबाप फडात जातात तेव्हा कोपीत मागं राहतं ते एवढंसं पोर आणि त्याच्या ताब्यात दीड वर्षाचं भावंड. ते त्याला सांभाळतं, पाणी आणतं, दुपारी फडात भाकरी पोचवतं. दहा-अकराची मुलगी स्वतः भाकरी थापते. बारा-तेराचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधतो, बैल धरतो, रात्री गाडी भरायची असली तर बॅटरी घेऊन उभा राहतो. यातल्या कशालाच घरात काम म्हणत नाहीत, 'हातभार' म्हणतात. कायदाही जवळपास तेच म्हणतो. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी झाली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्यांना मदत करायची मुभा राहिली. ज्या तळावर शाळाच नाही तिथं शाळेची वेळ कोणती आणि त्यानंतरची वेळ कोणती, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दोन-तीन वर्षांपूर्वी तिसरीतला एक मुलगा एप्रिलमध्ये परत आला. मोळी नुसती उचलून तिचं वजन किलो-दोन किलोच्या फरकानं सांगायचा. टन भरायला किती मोळ्या लागतील, त्याचे पैसे किती, त्यातून उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती फिटली, सगळं तोंडी. फळ्यावरची हातच्याची बेरीज मात्र त्याला येईना. मी प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढं जे लिहायला हवं होतं ते लिहिलं. रात्री झोप लागली नाही. ॲलिसन जेम्स आणि ॲलन प्राउट या अभ्यासकांनी १९९० मध्ये आग्रहानं सांगितलं की मूल केवळ घडवलं जात नाही, ते आपलं जगणं स्वतःही घडवत असतं आणि त्याच्याकडं तसं बघितलं पाहिजे. माझ्याकडच्या रकान्यात तसं बघायला जागा नव्हती.

बालपणाची हद्द या मुलखात पहिल्यापासून मागं-पुढं सरकत आली आहे आणि ती दर वेळी कुणीतरी भांडून सरकवलेली आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला तो १८८१ चा. त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामाला घ्यायचं नाही एवढंच होतं. सात ते बाराच्या मुलानं रोज नऊ तास राबलं तर चालत होतं. दहा वर्षांनी सातचे नऊ झाले. त्याच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. त्याआधी काही वर्षं मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. न कळत्या वयात लावलेलं लग्न मला मान्य नाही, नांदायला जाणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि १८८७ मध्ये कोर्टानं नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. संमतिवयाच्या विधेयकाला टिळकांचा विरोध होता, हेही मुलांना शिकवताना मी गाळत नाही.

याच काळात जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गरिबांना गुरं राखायला, शेताकडं बघायला मुलं लागतात, म्हणून नुसती शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असं ते म्हणाले. म्हणजे मुलाच्या हातांची घराला किंमत आहे हे त्यांनी आधी मान्य केलं आणि ती किंमत सरकारनं भरावी असं सुचवलं. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधकांत जमीनदार होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती करून दाखवली. हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मूल किती वर्षांपर्यंत मूल, हा वाद त्याच्या वाढीवरून क्वचितच झाला. त्याच्या हातांवर आणि मुलीच्या देहावर कुणाचा हक्क, यावरून तो झाला.

आज आपल्याकडं किती आकडे आहेत बघा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत. चौदा पूर्ण झाली की धोकादायक ठरवलेली कामं सोडून बाकी कामांना मोकळीक. लग्नाला मुलगी अठरा, मुलगा एकवीस. लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. गंभीर गुन्ह्यात मात्र सोळाच्या पुढच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. प्रत्येक आकड्यामागं काही कारण असेल, आणि ते आकडे असावेत असंच माझं मत आहे. पण आमच्या मुलींचं आयुष्य या आकड्यांच्या मधल्या फटीत पडतं. चौदाव्या वर्षी शाळेची हमी संपते आणि अठराव्या वर्षी लग्नाची परवानगी मिळते. चौदा ते अठरा ही चार वर्षं कुणाची? त्या चार वर्षांत मुलीनं कुठं असावं, याचं उत्तर तुमच्यापैकी एकाच्याही फायलीत नाही. घरच्यांना ते शोधावं लागतं, आणि त्यांना सापडतं ते लग्न.

माझी एक विद्यार्थिनी सातवी झाली. हायस्कूल सहा किलोमीटरवर. दीड वर्ष गेली, मग एका हंगामात आईबापांबरोबर फडात गेली आणि परतल्यावर शाळेत गेलीच नाही. पंधराव्या वर्षी, ऊसतोड मजुरांची टोळी निघायच्या आठ दिवस आधी, तिचं लग्न झालं. मुलाकडच्यांची उचल पूर्ण कोयत्याची होती. एकट्याचा अर्धा कोयता धरतात, त्याला तेवढी उचल मिळत नाही. मला कळलं तेव्हा टोळी निघून गेली होती. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायला मी उशीर केला, ते माझ्या मनात आहे. एप्रिलमध्ये तिची आई भेटली. मी रागानं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पोरीला एकटीला कोपीत ठिवून आम्ही फडात जावं का? तळावर शंभर माणूस. गावात ठिवावं तर म्हातारीला दिसत न्हाई. तुम्ही ठिवून घेता का तुमच्या घरी?" मी काही बोलू शकले नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाल्या. बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर. या आकड्यावर बोलायला गावात अधिकारी येतात तेव्हा 'जनजागृती' हा शब्द हमखास वापरतात. त्या आईला कायदा ठाऊक होता, वय ठाऊक होतं. तिच्याजवळ पोरीला सुरक्षित ठेवायला एक खोली नव्हती.

इथं एक गैरसमज दूर करते, कारण तो मी शिकल्या-सवरलेल्या माणसांकडूनच ऐकला आहे. बालपण समाजानं घडवलेलं असतं असं म्हटलं की काही जण म्हणतात, मग या लोकांचं बालपण वेगळं, त्यांच्या मुलांना कष्टाची सवय असते, आपल्या मोजपट्ट्या त्यांना कशाला लावायच्या. या बोलण्याची मला चीड येते. कोपीतल्या लेकराला थंडी कमी वाजत नाही आणि उसाचं पातं त्याला कमी कापत नाही. धरणंही माणसांनी बांधलेली असतात, म्हणून पाणी कुणाच्या शेतात जायचं हा प्रश्न सुटतो का? उलट तेव्हाच तो विचारता येतो. बालपण जर ठरावांनी, फॉर्मांनी, तारखांनी घडत असेल, तर ज्यांच्या सहीनं ते घडतं त्यांना जाब विचारता येतो. म्हणून हे पत्र आईबापांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

शिक्षण आयुक्तांना माझी विनंती पटाबद्दल आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी आमची सगळी मुलं वर्गात असतात. महिन्याभरात निम्मी जातात. आणखी महिना गेला की, सलग महिनाभर गैरहजर म्हणून, तीच मुलं शाळाबाह्य ठरतात. मुलगा काही शाळा सोडून गेलेला नसतो, त्याच्या घराचं वर्ष आणि शाळेचं वर्ष जुळत नाही एवढंच. एक मोजणी जानेवारीतही करा, आणि ती मूल जिथं असेल तिथं, तळावर जाऊन करा. मुलं थांबावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृह ही चांगली सोय आहे, माझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांना तिनं वाचवलं. पण एका वर्षी मंजुरीचा कागद हाती आला तेव्हा टोळ्या जाऊन महिना झाला होता. तोवर कुठली आई लेकरू कुणाच्या भरवशावर मागं ठेवणार? दसऱ्याच्या आधी चूल पेटलेली दिसली तरच ती ठेवते. आणि ही सोय चौदाव्या वर्षी तोडू नका. बारावीपर्यंत न्या.

साखर आयुक्त, दर हंगामात कारखान्यांना गाळप परवाना तुमच्याकडून मिळतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकली तर तो परवाना अडतो, हे आम्ही दरवर्षी पेपरात वाचतो. मग त्याच परवान्याला एक अट आणखी जोडता येईल. कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरली की आठवड्याच्या आत तिच्यातल्या प्रत्येक लेकराचं नाव, वय आणि गावची शाळा यांची यादी कारखान्यानं द्यायची. तुमच्याकडं कोणत्या शिवारातून किती टन ऊस आला याचा हिशेब असतो. लेकरांचा हिशेब ठेवणं त्याहून अवघड नाही. तळावरच्या साखरशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांसाठी तिथंच भरणाऱ्या शाळा, मी पाहिल्या आहेत, एका साखरशाळेत शिकलेही आहे. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं आणि त्या साखरशाळा मागं पडल्या. कागदावर हे बरोबर दिसतं. पण कारखान्याजवळच्या शाळेत मागच्या बाकावर बसवलेलं, तिथल्या मुलांनी 'कोयत्याचं पोर' म्हणून हाक मारलेलं लेकरू चार दिवसांत शाळा सोडतं. मीही सोडली होती.

महिला व बालविकास आयुक्तांना सांगायचं ते एवढंच, की मुलगी तुमच्या खात्याला लग्नाच्या मांडवात भेटते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचा ग्रामपंचायत अधिकारी. त्याला त्याच गावात राहून रोजचं काम करायचं असतं. त्यापेक्षा दरवर्षी जूनमध्ये आठवीत न गेलेल्या मुलींची यादी आमच्याकडून घ्या. ती यादी पुढच्या दोन वर्षांतल्या लग्नांची यादी असते. संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. ती सामाजिक न्याय खात्याची, म्हणजे चौथ्याच खात्याची. आमच्या यादीतली मुलगी आणि त्या वसतिगृहातली खाट यांची गाठ कुणी घालायची, हे आज कुणाचंच काम नाही.

आणि तिघांनाही, मुलांना विचारा. मागच्या वर्षी मी पाचवीच्या मुलांना विचारलं, फडात जायला आवडतं का? मला वाटलं सगळी नाही म्हणतील. निम्मी हो म्हणाली. का, तर आई तिथं असते. एका मुलीनं लिहिलं की वसतिगृहात पोटभर मिळतं पण रात्री आईचा वास येत नाही. या वाक्याला मी बरोबर-चूक काही करू शकले नाही. आईपासून तोडून शाळा द्यायची की शाळेपासून तोडून आई, हा पेच आपण दहा वर्षांच्या लेकरापुढं टाकला आहे. आई हंगामात एकदा-दोनदा येऊन भेटेल एवढी प्रवासाची सोय आणि तिच्या त्या दिवसाचा खाडा न कापण्याचा नियम, एवढं तरी करता येईल.

यंदा जूनमध्ये एक बाप मुलीला पहिलीत घालायला घेऊन आला. जन्माचा दाखला नव्हता, तिचा जन्म तळावरचा. वयाच्या पुराव्यासाठी प्रवेश अडवता येत नाही आणि पालकाचं घोषणापत्र चालतं, त्यामुळं तो प्रश्न नव्हता. मी तारीख विचारली. तो म्हणाला, "लिवा की एक जून." मी म्हटलं, बायकोला बोलवा. ती म्हणाली, पट्टा पडायच्या आधी आठव्या दिवशी, दुपारी, शेवटचा फड चालू होता. त्यांच्या मुकादमाला फोन लावून त्या वर्षी कारखाना कधी बंद झाला ते विचारलं. त्यानं वही काढून तारीख सांगितली. त्यातून आठ दिवस वजा केले आणि ती तारीख रजिस्टरमध्ये लिहिली. आईनं दोनदा वाचून घ्यायला लावलं, मग अंगठा दिला.

ती मुलगी आता माझ्या वर्गात पहिल्या ओळीत बसते. तिच्या आईबापांनी उचल घेतली आहे, दिवाळी झाली की ते निघतील. तिनं कुठं राहायचं, हे तुम्ही तिघांनी मिळून ठरवावं आणि टोळी निघायच्या आधी मला कळवावं.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा बीड